धीम्या लयीवरचा विश्वास

‘पहले धीमे में’ हे तीन शब्द आमच्या क्लासच्या भिंतीवर रंगवून घेतले असते तरी चाललं असतं. मुलगी सहा वर्षांची असो की लग्नानंतर हौसेनं शिकायला आलेली कुणाची सूनबाई, काही अवघड आलं की माझं उत्तर ठरलेलं. तिहाई समेवर येत नाही? पहले धीमे में. चौगुनीत घुंगरांचा आवाज फाटतोय? धीमे में. चक्कर घेताना तोल जातोय? तेही धीमे में. मानपूरच्या मुली मोठ्या चलाख. त्यांनी माझी नक्कल बसवली होती आणि माझी पावलं जिन्यावर वाजली की ती आवरती घ्यायच्या. मला ते ठाऊक होतं. राग यायचा नाही, उलट शिकवण पोचतेय असंच वाटायचं.

आता मी तसं म्हणत नाही. निदान सगळ्याच ठिकाणी म्हणत नाही. हे लिहून काढायचं बरेच दिवस मनात होतं, कारण आमच्या क्षेत्रात मतं बदलतात, पण कुणी बोलत नाही. गुरूंनी सांगितलेलं पुढच्या पिढीला सांगायचं आणि मधल्या मध्ये आपण काय बदललं ते गुपचूप गिळून टाकायचं, अशी रीत आहे. परंपरा अखंड दिसते ती यामुळेच, असा मला अलीकडे दाट संशय आहे.

मानपूर हे इंदूर जिल्ह्याचं दक्षिणेकडचं टोक. आग्रा-मुंबई रस्त्यानं राऊ आणि महू मागे टाकलं की पुढे हे गाव लागतं. जवळच जानापावचा डोंगर, चंबळेचा उगम तिथला. गावापुढे रस्ता भेरूघाट उतरून निमाडात जातो, म्हणजे माळव्याचं पठार इथे संपतं. भोवताली संस्थानं असताना मानपूरचा परगणा मात्र इंग्रजांच्या थेट अमलाखाली होता. ही माहिती मी मुलींना मोठ्या उत्साहानं सांगते आणि त्या जांभया देतात. आमचा क्लास भरतो तो एका धान्य व्यापाऱ्याच्या गोदामावरच्या खोलीत. खाली सोयाबीन आणि लसणाची पोती, वर कोटा फरशी. लसणाच्या दिवसांत ठाट धरून उभ्या राहिलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर शृंगार आणणं किती कठीण असतं हे कुठल्याही ग्रंथात लिहिलेलं नाही.

मी राहते इंदूरला. इंदुरात कथक शिकवते असं सांगितलं तर कुणाला नवल वाटत नाही. पंडित पुरुषोत्तम दाधीच यांच्यासारखे गुरू या शहरात आहेत, 2020 साली त्यांना पद्मश्री मिळाली. शिवाय आपल्या मराठी घरांत मुलीला गाणं नाहीतर नाच, दोन्हीपैकी एक, आणि त्याची गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा, हे ठरलेलंच. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा असं करत ज्या चढतात त्या चढतात, बाकीच्यांची प्रमाणपत्रं फाइलमध्ये जातात. मानपुरात मराठी घरं थोडी. माझ्या वर्गात बहुतेक मुली माळवी, काही निमाडच्या बाजूच्या. आम्ही बोलतो हिंदीत, आणि पढंत करतो, म्हणजे नाचाचे बोल तोंडानं म्हणतो, ती भाषा तर कुणाचीच नसते.

माझ्या गुरू पुण्याच्या तालमीत वाढलेल्या. रोहिणी भाटे यांनी 1947 मध्ये पुण्यात नृत्यभारती काढली. स्वतः त्या लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर अशा लखनौच्या दोन गुरूंकडे शिकल्या आणि त्यातून विचार करणारं, बोलाचं वजन जाणणारं कथक त्यांनी महाराष्ट्रात रुजवलं. त्या वातावरणातून आलेल्या बाईंकडून मी शिकले, तेव्हा धीमी लय हा माझ्यासाठी संस्कारच होता. घाई करणारी मुलगी म्हणजे पाया कच्चा, हे समीकरण. बाई स्वतः इतकं सोपं करून कधी बोलल्या नव्हत्या, हे मला नंतर आठवलं. त्यांच्याकडून मी जे उचललं ते मला पेलेल तेवढंच उचललं असणार.

शिवाय इंदूरचंच एक मोठं नाव माझ्या बाजूनं होतं. उस्ताद अमीर खाँ. अतिविलंबित झुमरा, चौदा मात्रांचं ते संथ, रुंद आवर्तन, त्यात एकेक स्वर सावकाश उलगडत जाणारा ख्याल. आमच्या शहराच्या नावाचं घराणंच त्यांच्या गायकीवरून ओळखलं जातं. मुलींना मी हटकून सांगायची की बघा, एवढा मोठा माणूस किती धीमा गायचा, आणि तुम्हाला दोन दिवसांत चौगुन पाहिजे. टाळ्या मिळवणारा दाखला होता. तो दाखला मुळात माझ्या विरुद्धच जातो, हे कळायला बराच काळ गेला. त्याकडे नंतर येते.

आधी तत्काराचं सांगते, कारण माझं मत पहिल्यांदा हललं ते तिथे.

तीनतालाचा तत्कार सगळ्या कथकवाल्यांना पाठ असतो. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. पाय पडतात ते उजवा-डावा-उजवा-डावा, मग डावा-उजवा-डावा-उजवा. नीट पाहिलं तर इथे एक खोच आहे. पहिल्या चौकडीचा शेवटचा पाय डावा आणि दुसरीचा पहिला पायही डावा. म्हणजे ‘तत्’ आणि ‘आ’ एकाच पायावर, लागोपाठ. तसंच शेवटच्या ‘तत्’नंतर परत ‘ता’ येतो तेव्हा उजवा पाय दोनदा. बाकी सगळीकडे एक पाय वाजत असताना दुसऱ्याला तयारीला वेळ मिळतो, या सांध्यांवर तो मिळत नाही. मिनिटाला साठ मात्रांची लय धरली तर चौगुनीत सेकंदाला चार आघात पडतात, म्हणजे त्याच पायाला उचलून पुन्हा वाजायला पाव सेकंद. अठगुनीत त्याच्याही निम्मा.

माझी एक विद्यार्थिनी होती, नियमित, मन लावून करणारी, प्रवेशिका पूर्णच्या तयारीतली. तिचा बराबरीचा, म्हणजे मात्रेला एकच आघात असा, तत्कार ऐकला की कान निवायचे. प्रत्येक आघात सुटा, खणखणीत. दुगुन उत्तम. चौगुन लागली की त्याच सांध्यावर, ‘तत्’ आणि ‘आ’च्या मध्ये, सगळं कोसळायचं. मी म्हणायची, पहले धीमे में. ती निमूटपणे धीम्यात जायची आणि पुन्हा सुरेख करायची. परत चौगुन, परत तिथेच माती. हे किती दिवस चाललं ते सांगायला मला संकोच वाटतो. एके दिवशी ती म्हणाली, “दीदी, धीमे में तो कब से हो रहा है. उससे तेज वाला क्यों नहीं आ रहा?”

उत्तर नव्हतं. मी म्हटलं, और धीमे में.

त्याच वर्गात दुसरी एक होती, अगदी उलट्या स्वभावाची. बराबरीत तिला कंटाळा यायचा, हात लोंबायचे, लक्ष खिडकीबाहेरच्या ट्रकांकडे. पण चौगुन लागली की पाय पळायचे. आवाज गढूळ, हस्तकं गायब, पण सांधा तुटत नसे. मला तिचा राग यायचा. नियमानं चालणाऱ्या मुलीला जे जमत नाही ते हिला जमावं हे अन्याय्य वाटायचं, आणि शिक्षकाला अन्याय्य वाटलं की तो त्या गोष्टीकडे पाहायचंच सोडून देतो.

शेवटी पाहिलं ते फोनमुळे. मुलींना रील करायची हौस, त्यातल्या एकीनं या दोघींचे पाय अगदी फरशीलगत फोन ठेवून टिपले आणि स्लो मोशनमध्ये लावून सगळ्या हसत बसल्या होत्या. मीही वाकून पाहिलं. मग परत लावायला सांगितलं, आणि परत.

पळणाऱ्या मुलीचा पाय जमिनीपासून जेमतेम बोटभर सुटत होता. गुडघे सैल, किंचित दुमडलेले. कमरेवरचं अंग जवळजवळ स्थिर आणि शरीराचं वजन कुठल्याच पायावर पुरतं जात नव्हतं, ते दोन्ही पायांच्या मधोमध टांगल्यासारखं राहिलं होतं. म्हणून त्याच पायानं दोनदा वाजवणं तिला जड जात नव्हतं, कारण तो पाय मुळात मोकळाच होता. माझ्या गुणी विद्यार्थिनीचा पाय मात्र चौगुनीतही वीतभर उचलला जात होता. दर आघाताला वजन त्या पायावर पूर्ण टेकत होतं. ज्या पायावर सगळं शरीर उभं आहे तोच पाय पाव सेकंदात पुन्हा उचलायचा, हे तिला जमणार कसं? कुणालाच जमणार नाही. आणि वीतभर पाय उचलून, पूर्ण वजन देऊन आघात करायला तिला शिकवलं कुणी, तर मीच. धीम्या लयीत दोन आघातांच्या मध्ये एवढा वेळ असतो की शरीर तो भरून काढतं. पाय वर जातो, वजन सरकतं, आणि आवाज छान खणखणीत येतो म्हणून आपण खूश होतो.

मला तो व्हिडिओ पाहताना कळलं ते एवढंच की वेगानं केलेला तत्कार फोनवर मंद करून पाहणं आणि मुळातच धीमा तत्कार करणं, या दोन निरनिराळ्या हालचाली आहेत. दोन्हींचे बोल एक, पायांचा क्रम एक, म्हणून त्या एकच वाटतात. धीमा तत्कार कितीही घोटला तरी त्यातून वेगाचा तत्कार आपोआप उगवणार नाही, कारण घोटला जातोय तो दुसराच पाय. माझी विद्यार्थिनी आळशी नव्हती, घाईखोर नव्हती. तिनं माझं अगदी तंतोतंत ऐकलं होतं.

चक्कराचं प्रकरण तर याहून सरळ होतं, आणि इतकी वर्षं ते माझ्या नजरेतून सुटलं याचं मला जास्त आश्चर्य वाटतं. लहान मुलींना आपण पाच पावलांचं चक्कर शिकवतो. पावलं टाकत वळायचं, सावकाश, कुठेही थांबता येतं. पुढे टाचेवरचं चक्कर येतं. डाव्या टाचेवर शरीर तोलायचं, उजव्या पायानं रेटा द्यायचा, नजर समोर एका खुणेवर रोवायची, मान शक्य तितका वेळ मागे ठेवायची आणि मग एका झटक्यात फिरवून नजर परत त्याच खुणेवर आणायची. यात धीमं करण्याजोगं काय आहे? टाचेवर सावकाश फिरायला गेलं की तोल जातोच. सायकल रेंगाळत चालवली की पडते, तसंच. आणि मान झटक्यात फिरवायची हीच जर क्रिया असेल, तर मान हळूहळू फिरवून आपण नेमकं काय शिकवतो? मी शिकवत होते ते दुसरंच एक चक्कर, जे कुठल्याही चक्रदार परणीत लागत नाही.

घेरीचंही तसंच. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतला द्रव आपण फिरलो की फिरतो आणि आपण थांबलो तरी काही काळ फिरत राहतो, म्हणून खोली फिरल्यासारखी वाटते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये झालेल्या, 2013 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात 29 बॅले नर्तिकांची तुलना नौका वल्हवणाऱ्या 20 खेळाडू स्त्रियांशी केली होती. दोन्ही गटांचा व्यायाम सारखा, पण वल्हवणाऱ्यांना गरगर फिरावं लागत नाही. नर्तिकांना गरगरण्याची जाणीव कमी काळ टिकत होती. कानाकडून येणारा संदेश लहान मेंदूच्या ज्या भागात पोचतो, तो भागही त्यांच्यात लहान आढळला. म्हणजे वर्षानुवर्षांच्या सरावानं मेंदू त्या संदेशाकडे काणाडोळा करायला शिकतो. आता मी यातून माझ्यापुरता काढलेला अर्थ असा की काणाडोळा करायला आधी संदेश तरी आला पाहिजे. सावकाश फिरलं तर घेरीच येत नाही, मग मेंदू शिकणार कशावर? हा अर्थ त्या शास्त्रज्ञांचा नाही, माझा आहे. पण क्लासमध्ये तो खरा ठरताना मी पाहिला. खऱ्या वेगाची दोनच चक्करं, मग भिंतीला हात लावून उभं राहायचं, मग परत दोन. असं केल्यावर मुली चक्करांना घाबरेनाशा झाल्या.

तरीही माझ्यातली शिक्षिका हटत नव्हती. तत्कार आणि चक्कर हे अपवाद म्हणून मी बाजूला काढले. नियम आपल्या जागी.

मग एका विद्यार्थिनीच्या मावशीचं लग्न झालं. माळव्यातली लग्नं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना मटकी ठाऊक असेल. ढोलावर मटकीचा ठेका धरतात आणि बाया घुंघट ओढून नाचतात. रिंगणाच्या कडेला मी साडी सावरून, पाहुणीच्या खुर्चीत. समोर साठीच्या पुढची एक बाई उतरली. घुंघट छातीपर्यंत, हात कोपरापासून जेमतेम हलणारे, आणि खाली पायांची एक अशी चाल की मला ती डोळ्यांनी पकडताच येईना. पाऊल पडायचं ते ठेक्याच्या किंचित मागे, मग टाच थोडी घासायची, आणि ज्या क्षणी वाटावं की आता ही ठेक्यातून निसटली, त्या क्षणी कंबर ठेक्यावर. मी मात्रा मोजायला लागले. सवयच ती. सम शोधत होते आणि सम काही सापडत नव्हती.

थोड्या वेळानं मला ओढून रिंगणात नेलंच. मला ती चाल काही केल्या येईना. बाया आपसांत हसत होत्या, त्यात कुत्सितपणा नव्हता, पण मॅडमला येत नाही याचा आनंद होता, आणि तो त्यांना का असू नये? मी त्या बाईंना विनवलं, जरा धीरे करके दिखाइए ना. त्यांनी ढोलवाल्याला खूण केली, त्यानं ठेका उतरवला. बाईंनी एक पाऊल टाकलं, अडल्या, दुसरं टाकलं, आणि घुंघटाआडून हसायला लागल्या. त्यांनाही येईना. “ढोल ही बैठ गया तो पाँव कैसे चले?” म्हणाल्या, आणि माझा हात धरून मला आपल्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभं केलं. ठेका परत चढला. मला ती चाल त्या रात्री आली असं म्हणणार नाही. पण त्यांच्या खांद्याच्या हिसक्यावरून पुढचं पाऊल कधी टाकायचं ते थोडं थोडं उमगायला लागलं, आणि त्या वेळी मी काहीही मोजत नव्हते.

या बाईंना ती चाल कुणी तुकडे करून शिकवलेली नव्हती. पूर्ण वेगात, पूर्ण ठेक्यात, चारचौघींच्या मध्ये उभं राहून, चुकत चुकत ती त्यांच्या अंगात मुरली. आणि ती अवघड नाही असं कुणी म्हणणार असेल तर त्यानं जरूर करून पाहावी.

घरी परतताना विचार करत होते, तेव्हा एक गोष्ट स्वतःशी कबूल केली. धीम्या लयीवर माझी जी श्रद्धा होती ती सगळीच काही सौंदर्यदृष्टीतून आलेली नव्हती. पन्नाशी जवळ आली आणि माझे गुडघे बोलायला लागले. कोटा फरशीवर इतकी वर्षं पाय आपटल्यावर त्यांनी बोलू नये तर काय करावं? अठगुन गेली, मग लडीचा दम गेला. त्याच सुमारास मला विलंबिताची थोरवी जरा जास्तच जाणवू लागली. गोपीकृष्णांसारख्या नर्तकाचा वेग, त्यांचं नऊ तासांहून अधिक वेळ अखंड नाचणं, याला मी ‘कसरत’ म्हणू लागले. मुलींना धीम्यात ठेवलं की मला बसून शिकवता येत होतं, टाळी देत, बोल म्हणत. पालकांनाही बरं वाटायचं, कारण धीम्यात सगळ्याच मुलींना सगळं येतं आणि वार्षिक कार्यक्रमात कुणाचीच फजिती होत नाही. सगळ्यांच्या सोयीची अशी ती लय होती.

आणि अमीर खाँसाहेब? ‘झनक झनक पायल बाजे’ हा व्ही. शांतारामांचा 1955 सालचा चित्रपट. नाच गोपीकृष्णांचा, संगीत वसंत देसाईंचं, आणि शीर्षकगीत गायलंय अमीर खाँनी, अडाण्यात. ते गाणं मी शंभरदा ऐकलेलं. त्यात खाँसाहेब धीमे गातच नाहीत, ते चांगले सळसळत जातात. ज्याला द्रुत असं गाता येतं तो माणूस मैफलीत झुमऱ्याच्या त्या संथ आवर्तनात घटका घटका राहायचा, तो पुढे वेग यावा म्हणून तयारी करत नव्हता. त्याला तिथेच राहायचं होतं. विलंबित ही त्याच्यासाठी द्रुताची पायरी नव्हतीच. मी मात्र त्याच विलंबिताला सरावाचं साधन करून टाकलं होतं, चौगुनीच्या दाराशी ठेवलेलं पायपुसणंच म्हणा ना, आणि वर त्यांचं नाव घेत होते.

तेव्हापासून वर्गात काही गोष्टी बदलल्या. तत्कार आम्ही अजूनही बराबरीपासून सुरू करतो, पण बराबरीतही पाय बोटभरच उचलायचा. मुलींनी त्याला ‘कंजूस पाँव’ असं नाव दिलंय. आवाज सुरुवातीला मरतो. वीतभर उंचीवरून पडणाऱ्या पायाचा दणका त्यात नसतो, तो तळव्याच्या सपाट, मोकळ्या फटक्यातून काढावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. चौगुन पूर्ण आवर्तनभर करायची नाही. चार मात्रा चौगुन, मग चार मात्रा नुसतं उभं राहून नगमा ऐकायचा, परत चार मात्रा. तुकडे करतोच आम्ही, पण लयीचे करत नाही, लांबीचे करतो. नवा तुकडा पायांनी करायच्या आधी पढंत, तीही पहिल्या दिवसापासून खऱ्या लयीत. जीभ अडखळली तर अडखळू दे, तिला गुडघे नसतात.

त्या गुणी विद्यार्थिनीला जुना पाय विसरायला फार कष्ट पडले. नवीन शिकणं सोपं, घोटलेलं पुसणं महाकठीण. पुसताना तिचा तो खणखणीत बराबरीचा तत्कारही बिघडला आणि मध्ये एकदा ती रडली. मला तेव्हा खात्री नव्हती की मी बरोबर करतेय. आता तिची चौगुन सांध्यावर तुटत नाही. बराबरीत पूर्वीची ती शान अजून परत आलेली नाही, आणि येईल की नाही हे मी तिला छातीठोकपणे सांगू शकत नाही.

इंदूरच्या माझ्या एका मैत्रिणीला, ती माझ्यापेक्षा चांगली नाचते, हे सगळं अजिबात पटलेलं नाही. तिचं म्हणणं, वेगात एकदा बसलेली घाण निघत नाही, आणि तू मुलींना घाण बसवायची मुभा देतेस. तिचं बोलणं मी उडवून लावत नाही. ट्रक पाहणारी ती दुसरी मुलगी आठवा. तिचा सांधा तुटत नव्हता, पण आवाज गढूळ होता तो आजही पुरता निवळलेला नाही. तिला मी आता मुद्दाम विलंबितात उभी करते. पण तिला सांगते ते वेगळं. हे केल्यानं तुझी चौगुन सुधारेल असं आश्वासन देत नाही. एवढंच म्हणते, की दोन मात्रांच्या मध्ये एवढी मोठी जागा आहे, तिथे तू काय करतेस ते मला बघायचंय. पहिले काही दिवस तिनं तिथे काहीच केलं नाही. मग एकदा ‘धा’ घ्यायच्या आधी तिची नजर आधी वळली आणि मान नंतर, आणि खोलीतल्या बाकीच्या मुली गप्प होऊन पाहू लागल्या. हे मी शिकवलेलं नव्हतं.

विलंबित असं स्वतःच्या पायावर उभं राहायला लागल्यापासून ते जास्त अवघड झालंय, हे मुलींच्या लक्षात आलंय आणि त्या कुरकुर करतात. पूर्वी धीमं म्हणजे आराम होता.

गुडघ्यांचा प्रश्न मात्र खरा आहे आणि खऱ्या लयीत सराव वाढल्यापासून तो मोठा झालाय. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना दगडी फरशीवर अशी तालीम देणं बरोबर नाही, हे कळायला पदवी लागत नाही. सतरंजी घातली तर आवाज जातो आणि टाचेवरचं चक्कर अडकतं. म्हणून खोलीत लाकडी फळ्या टाकायच्या असं ठरवलंय, खाली थोडी पोकळी ठेवून. गोदामाचे मालक आधी नको म्हणत होते, खाली त्यांचे हिशेब चालतात, डोक्यावर ढोल वाजल्यासारखं होईल म्हणे. मुलींनी त्यांना चार मात्रा कंजूस पाँव करून ऐकवला. निम्मा खर्च ते करणार आहेत, निम्मा आम्ही. सोयाबीनची आवक आटोपली की सुतार येईल.